दारू सुटते का, हे शोधणारी माणसे

दुपारच्या वेळी वस्तीत दोन जण येतात. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. "आरोग्याचा अभ्यास चालू आहे, थोडे प्रश्न विचारायचे आहेत," असे म्हणतात. वय, शिक्षण, कामधंदा विचारून झाल्यावर दारूचा विषय निघतो. घरातली बाई एकदम गप्प होते. नवरा म्हणतो, "घेतो कधीतरी, सणासुदीला." मग काहीतरी काम निघते आणि दार लागते.

दार लावणाऱ्याला दोष देता येत नाही. वस्तीत फॉर्म भरून नेणारे पुष्कळ आले. त्या फॉर्मचे पुढे काय झाले, ते सांगायला फार थोडे परत आले. शिवाय दारूबद्दल खरे बोलावे तर लाज वाटते, आणि बोललेले गल्लीभर होईल अशी भीती असते.

पण दारूवर कोणता उपाय चालतो आणि कोणता नुसता बोलण्यापुरता असतो, हे अभ्यासाशिवाय कळत नाही. असा अभ्यास एकटा मोठा डॉक्टर करत नाही. त्यामागे दवाखान्याच्या बाकाशेजारी उभी राहणारी, घरोघरी पायपीट करणारी, रेकॉर्डिंग ऐकत बसणारी साधी माणसे असतात. ती कोण, काय करतात आणि त्यांना इतके कडक नियम का असतात, हे आपल्या शेजारच्या गोव्यात झालेल्या एका अभ्यासावरून समजून घेऊ.

अभ्यास कशाचा होता?

'संगाथ' ही १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संस्थेतर्फे गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा अभ्यास केला. त्याचा निकाल २०१७ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

प्रश्न साधा होता. आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञ फार थोडे आहेत, आणि जे आहेत ते बहुतेक शहरात. मग ज्याच्याकडे मानसोपचाराची कोणतीही पदवी नाही अशा गावातल्याच माणसाला नीट शिकवले, तर त्याच्याशी तीन-चार वेळा बोलून एखाद्याची दारू सुटेल का?

'हो' म्हणणे सोपे आहे. ते सिद्ध करायला किती माणसे कामाला लागतात ते आता पाहू.

पहिला माणूस: दहा प्रश्न विचारणारा

आरोग्य केंद्रात माणूस ताप, पोटदुखी, अंगदुखी किंवा जखम घेऊन येतो. "मला दारूचा त्रास आहे" असे सांगत कोणी येत नाही. म्हणून केंद्रावर बसलेला कार्यकर्ता रुग्णांना बाजूला घेऊन ठरलेले दहा प्रश्न विचारतो. ही प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली आहे. तिला 'ऑडिट' म्हणतात, पण तिचा पैशाच्या हिशेबाशी संबंध नाही. किती वेळा पिता, एका बैठकीत किती पिता, सुरू केल्यावर थांबता येते का, पिण्यामुळे काम बुडाले का, सकाळी उठल्याउठल्या लागते का, रात्रीचे काही आठवेनासे होते का, कोणाला इजा झाली का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कमी करा म्हटले का, अशा प्रकारचे हे प्रश्न आहेत. उत्तरांना गुण असतात. जास्तीत जास्त ४० गुण होतात.

या अभ्यासात १८ ते ६५ वयाचे आणि १२ ते १९ गुण आलेले पुरुष घेतले. म्हणजे दारूने ज्यांचे नुकसान होऊ लागले आहे, पण शरीर पूर्णपणे दारूवर अवलंबून गेलेले नाही असे लोक. २० किंवा त्याहून जास्त गुण आले तर दारूवरचे अवलंबित्व असण्याची शक्यता मोठी असते. अशा माणसाला नुसते बोलणे पुरत नाही, औषधोपचार लागतो.

या कार्यकर्त्याचे काम वाटते तितके सोपे नाही. आवाज चढवून चालत नाही, भुवया उंचावून चालत नाही. "अरे बापरे, रोज?" एवढे तोंडातून निघाले तरी समोरचा पुढच्या प्रश्नांना खोटी उत्तरे देतो. प्रत्येकाला तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच सुरात विचारायचा असतो.

चिकाटीही लागते. ऑक्टोबर २०१३ ते जुलै २०१५ या सुमारे २१ महिन्यांत १० केंद्रांवर मिळून ३७७ जण अभ्यासात आले. हिशेब केला तर एका केंद्रावर महिन्याला दोनसुद्धा नाहीत. म्हणजे दिवसच्या दिवस प्रश्न विचारायचे, आणि बहुतेक दिवशी हाती कोणीच लागायचे नाही.

दुसरा माणूस: लिफाफा उघडणारा

जो तयार झाला त्याला दोनपैकी एका गटात टाकायचे. एका गटाला डॉक्टरांचा उपचार मिळणार. दुसऱ्या गटाला डॉक्टरांचा उपचार आणि त्याशिवाय समुपदेशन मिळणार.

कोण कुठे जाणार, हे कोणी ठरवायचे? कार्यकर्त्याने ठरवले तर तो नकळत भला, ऐकणारा, घरचा आधार असलेला माणूस समुपदेशनाकडे पाठवेल. मग निकाल चांगला आला तरी तो समुपदेशनाचा की माणूस मुळात तसा असल्याचा, हे कळणार नाही. म्हणून चिठ्ठी टाकतात. आधीच क्रमांक घालून बंद केलेले, आरपार न दिसणारे लिफाफे असतात. केंद्रावरचा प्रशिक्षित आरोग्य सहाय्यक क्रमाने पुढचा लिफाफा उघडतो. आत जे निघेल तेच. ओळख, वशिला, दया, जात, पैसा यातले काहीही तिथे चालत नाही.

"मग दुसऱ्या गटावर अन्याय नाही का झाला?" असा प्रश्न मनात येईल. तो रास्त आहे. दुसऱ्या गटाला वाऱ्यावर सोडले नव्हते. रुग्णाचे गुण किती आले हे डॉक्टरांना कळवले जात होते. काय सल्ला द्यायचा आणि पुढे कुठे पाठवायचे याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही डॉक्टरांना दिल्या होत्या. एरवी अशा रुग्णाला जेवढे मिळते त्यापेक्षा हे जास्तच होते. आणि समुपदेशनाचा उपयोग होतो की नाही, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर अभ्यासाची गरजच नव्हती.

तिसरा माणूस: समुपदेशक

अभ्यासाचा कणा म्हणजे हे समुपदेशक. एकूण ११ जण. शालेय शिक्षण पूर्ण केलेली, तिथलीच, लोकांची भाषा बोलणारी माणसे. मानसोपचाराचे शिक्षण कोणाचेच नाही.

त्यांना आधी वर्गात काही आठवडे शिकवले. मग सुमारे सहा महिने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आरोग्य केंद्रांत प्रत्यक्ष रुग्णांबरोबर उमेदवारी. शेवटी परीक्षा. परीक्षेत कागद नव्हता. समोर रुग्णाची भूमिका करणारा माणूस, आणि त्याच्याशी नीट बोलून दाखवायचे. जे त्यात उतरले तेच अभ्यासात आले.

काम असे: एका माणसाबरोबर एक ते चार भेटी. प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. आठवड्याने किंवा पंधरा दिवसांनी, दवाखान्यात नाहीतर त्याच्या घरी.

या भेटीत काय बोलतात? आपल्या घरात दारूवर जे बोलणे होते त्याच्या अगदी उलट. आपण म्हणतो, "लाज नाही का वाटत? पोरांकडे बघ जरा!" पाचवे शील घेतलेल्या घरात तर ही लाज दुप्पट असते. विहारात हात जोडून शील म्हणायचे आणि संध्याकाळी गुत्त्यावर सापडायचे, हे त्या माणसाला स्वतःलाही बोचत असते. पण बोचणी वाढली की तो लपून पितो. दारू तिथेच राहते, फक्त बोलणे बंद होते.

समुपदेशक रागावत नाही आणि उपदेशही करत नाही. समजा, एखादा म्हणाला, "दिवसभर ओझी उचलतो, रात्री क्वार्टर घेतल्याशिवाय झोप लागत नाही." तर तो विचारेल, "बरं भाऊ, घेतल्यावर झोप लागते. मग सकाळी कसं वाटतं?" तो म्हणेल, "डोकं जड असतं. आठवड्यात एखादा खाडा पडतोच." "त्या खाड्यात किती जातात?" हिशेब तो स्वतःच करतो. दारू का सोडावी याचे कारण समुपदेशकाने सांगितले तर ते समुपदेशकाचे असते. त्याने स्वतःच्या तोंडून सांगितले की ते त्याचे होते.

पहिल्या टप्प्यात त्याच्या पिण्याचे आणि नुकसानीचे चित्र त्याच्यासमोर ठेवतात. मधल्या टप्प्यात युक्त्या शिकवतात. मित्राने ग्लास पुढे केला तर नाही कसे म्हणायचे, राग किंवा दुःख आले तर दारूऐवजी काय करायचे, घरच्या अडचणीतून वाट कशी काढायची. 'नाही' म्हणायचा सरावसुद्धा तिथेच करून घेतात. शेवटच्या टप्प्यात, पुन्हा पाय घसरला तर सावरायचे कसे ते बोलतात. एक दिवस प्यालो म्हणजे सगळे संपले, असे नसते.

चौथा माणूस: ऐकणारा आणि चूक दाखवणारा

शिकवून सोडून दिले की माणूस हळूहळू आपल्या जुन्या सवयीवर येतो. उपदेश करू लागतो, घाई करू लागतो. म्हणून समुपदेशनाच्या भेटी ध्वनिमुद्रित केल्या जात. दर आठवड्याला समुपदेशक चार-सहा जणांच्या गटात बसत. त्यातले एखादे रेकॉर्डिंग लावले जाई आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे सगळे त्याला गुण देत. रुग्णाचे नीट ऐकले का? मध्येच तोडले का? ठरलेली पायरी गाळली का?

आपले काम सगळ्यांसमोर तपासू देणे सोपे नसते. पण मोठी गोष्ट अशी की ही बैठक समुपदेशकच चालवत. जो आज गुण देतो त्याचे रेकॉर्डिंग उद्या लागणार. त्यामुळे टोमणे कमी आणि कामाचे बोलणे जास्त. तज्ज्ञही गुण देत आणि प्रत्येकाशी वेगळे बोलत.

पदवी नसलेल्या माणसावर विश्वास का ठेवायचा, याचे उत्तर इथे आहे. नुसत्या चांगल्या मनावर हे काम चालत नाही. शिकवणे, परीक्षा आणि दर आठवड्याची तपासणी यांनी ती माणसे तयार झाली होती.

पाचवा माणूस: तीन महिन्यांनी दार वाजवणारा

उपचार झाला. आता दारू कमी झाली का, हे कोणी विचारायचे? समुपदेशकाने विचारले तर समोरचा संकोचाने म्हणेल, "हो ताई, सोडली." चार वेळा आपल्यासाठी आलेल्या माणसाचे मन कसे मोडायचे? आणि समुपदेशकालाही 'सोडली' हेच ऐकायचे असते.

म्हणून तीन महिन्यांनी वेगळाच कार्यकर्ता जातो. समोरचा माणूस कोणत्या गटात होता हे त्याला मुद्दाम सांगितलेले नसते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ते माहीत नव्हते. न्यायाच्या आसनावर बसणाऱ्याने कोणाची बाजू घेऊ नये, तसेच हे.

याचे दुसरे कठीण काम म्हणजे माणूस शोधणे. कोणी घर बदललेले, कोणी कामावर बाहेरगावी गेलेले. जे सापडत नाहीत त्यांच्यात दारू न सुटलेले जास्त असू शकतात. ते गळाले तर निकाल उगाच चांगला दिसतो. या अभ्यासात तीन महिन्यांनी १०० पैकी ८९ जणांना गाठले. दारूच्या अभ्यासात हे मोठे काम आहे. त्याचे श्रेय या पायपिटीला आहे.

यांच्याशिवाय आकडे सांभाळणारे, गणित करणारे आणि नीतिसमितीचे लोक असतात. नीतिसमितीने परवानगी दिल्याशिवाय अभ्यास सुरू करता येत नाही. भाग घेणाऱ्या माणसाची फसवणूक किंवा हानी होऊ नये, हे पाहणे तिचे काम.

मग निष्पन्न काय झाले?

तीन महिन्यांनी गेल्या १४ दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले किती, हे पाहिले. समुपदेशन मिळालेल्या १६४ पैकी ६८ जण, म्हणजे १०० त ४२. फक्त डॉक्टरांचा उपचार मिळालेल्या १७२ पैकी ३१ जण, म्हणजे १०० त १८.

प्रश्नावलीचे गुण ८ च्या खाली आले, म्हणजे धोक्याच्या रेषेखाली उतरले, असे समुपदेशनाच्या गटात १०० त ३६ आणि दुसऱ्या गटात २६. वर्षभराने पुन्हा पाहिले तेव्हा हेच आकडे अनुक्रमे ५४ आणि ३२ होते. म्हणजे फायदा टिकला.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर हे आरोग्याचे पान राहणार नाही, जाहिरात होईल. समुपदेशनाच्या गटातही अर्ध्याहून जास्त जण तीन महिन्यांनी पीतच होते. जे पीत राहिले त्यांचे रोजचे प्रमाण फारसे घटले नाही. बायकोला होणारी मारहाण आणि कामाचे बुडालेले दिवस यांत तीन महिन्यांनी दोन गटांत फरक दिसला नाही. शिवाय अभ्यास फक्त पुरुषांचा होता.

हे नकोसे निकालही छापले गेले, कारण दार वाजवणाऱ्याने जे ऐकले तेच लिहिले. चांगल्या आकड्यांवर विश्वास ठेवावा तो याच कारणाने.

बायांनी यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. "दारू सुटली की मारणे थांबेल" या आशेवर मार खात बसू नये. दारूवरचा उपचार वेगळा आणि मारहाणीपासून संरक्षण वेगळे. त्यासाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे.

आपल्या दारात अभ्यासवाले आले तर

दार लावण्याआधी किंवा उघडण्याआधी हे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

• कोणत्या संस्थेकडून आलात? ओळखपत्र दाखवा.

• नीतिसमितीची परवानगी आहे का? माहितीचा कागद मराठीत द्या. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवा.

• आमचे नाव आणि उत्तरे कोण पाहणार? रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा.

• मध्येच सोडता येईल का? उत्तर 'हो' असेच असले पाहिजे. नाही म्हटल्याने दवाखान्यातला नेहमीचा उपचार बंद होऊ शकत नाही.

• तक्रार कोणाकडे करायची? तो फोन नंबर लिहून द्या.

• निकाल आम्हाला सांगायला याल का?

नीट उत्तरे मिळाली आणि मनाला पटले तर भाग घ्या आणि खरे सांगा. आपण 'सणासुदीला' म्हटले तर उद्याचा उपाय सणासुदीला पिणाऱ्यांसाठी तयार होईल. ज्याच्या घरात रोज बाटली येते त्याच्या उपयोगाचा तो नसेल.

घरात कोणी पीत असेल तर

बोलणे तो शुद्धीत असताना करा, प्यायलेला असताना नको. शिव्याशाप न देता एकच गोष्ट विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दुसऱ्या कुठल्या दुखण्यासाठी दाखवायला गेलात तरी दारूचे सांगा.

एक धोका मात्र पक्का ध्यानात ठेवा. जो बरीच वर्षे रोज भरपूर पितो, ज्याला सकाळी उठल्यावर हात कापतात म्हणून दारू लागते, त्याची दारू घरच्या घरी एका दिवसात बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन तो बडबडू लागतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसू लागतात. यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला सरकारी रुग्णालयात न्या. तिथे औषधे देऊन दारू सुरक्षितपणे थांबवतात. फिट आली किंवा भ्रम झाला तर वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

फोनवर सल्ला हवा असेल तर नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस' १४४१६ आहे. फोनवर मराठीत बोलायचे आहे असे सांगा.

शेवटी आपल्या शिकलेल्या पोरापोरींसाठी. गोव्यातल्या त्या ११ जणांकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. लोकांची भाषा येत होती, ऐकून घ्यायची तयारी होती, आणि आपली चूक दुसऱ्याने दाखवली तर ती सुधारायचीही तयारी होती. आपल्या वस्तीत अशी मुले-मुली आहेत. जवळच्या संस्थेत किंवा रुग्णालयात असे काम निघाले तर जरूर अर्ज करा. ज्या घरातली दारू आपण लहानपणापासून पाहिली, त्या घराचे दार कसे वाजवायचे, हे बाहेरून येणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असते.